तारास, विशेष संदर्भासह

तारास हे शहर मी पाहिलेलं नाही. तरी त्याच्या बंदराचा नकाशा मला वर्गाकडे तोंड ठेवून, हात मागे नेऊन फळ्यावर काढता येतो. इटली बुटासारखी दिसते हे शाळेत सगळ्यांनाच सांगतात. त्या बुटाची टाच आणि चवडा यांच्यामध्ये जी खोलगट जागा असते, तिच्या टाचेकडच्या कोपऱ्यात तारास. जमिनीची एक चिंचोळी जीभ, तिच्या बाहेर मोठा समुद्र, आत तळ्यासारखा लहान समुद्र. हुबळीच्या कॉलेजातली मुलं मला 'बूट मॅडम' म्हणत. मला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही, असा देखावा आम्ही दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत नीट सांभाळला.

आयुष्यभर इतिहास शिकवला म्हणून दिवाळी अंकासाठी काही लिहा, असं सांगणं आलं तेव्हा माझ्या नेमणुका आणि बढत्या मी मनातल्या मनात वाचून पाहिल्या. मलाच झोप आली. निरोपसमारंभ तर सगळ्यांचा एकाच साच्याचा असतो. मला शाल, नारळ आणि सरस्वतीची मूर्ती मिळाली. मूर्तीच्या पायाशी प्रायोजकाचं नाव होतं आणि ते देवीच्या चेहऱ्यापेक्षा ठसठशीत होतं. तेव्हा ते सगळं सोडून देते आणि तारासबद्दलच लिहिते. माझी नोकरी हुबळी-धारवाडात झाली, पण काम मी तारासमध्येच केलं.

प्राचीन ग्रीसचा पेपर माझ्याकडे आला कारण तो दुसऱ्या कुणाला नको होता. मुलांना पहिली अडचण 'वसाहत' या शब्दाची यायची. निम्म्यांना गोरा साहेब आठवे, निम्म्यांना उणकलच्या तळ्यापलीकडचे नवे प्लॉट. मी सांगायची, दोन्ही नाही. गावात जमीन पुरेनाशी झाली, किंवा काही माणसं डोळ्यांत खुपायला लागली, की त्यांना होड्यांत बसवून द्यायचं. जाताना त्यांनी गावच्या चुलीतला विस्तव न्यायचा, देवाचा कौल न्यायचा आणि समुद्रापार आपलं वेगळं गाव मांडायचं. आईगावाला त्यानंतर मान मिळे, हुकूम चालवता येत नसे. वेगळं राहायला गेलेल्या मुलाचं घर असतं तसं.

तारासचे लोक स्पार्टातून आले. गोष्ट अशी सांगतात. स्पार्टाचे पुरुष वर्षानुवर्षं एका लांबलेल्या युद्धावर होते. मागे काही अविवाहित मुलींना मुलं झाली. ती मोठी झाली तेव्हा युद्ध संपलं होतं आणि जमिनीच्या वाटण्या चालल्या होत्या. या मुलांना सांगण्यात आलं, तुमच्या जन्माचा हिशेब लागत नाही, तुम्ही नागरिक नाही. त्यांनी उठाव करायचं ठरवलं. उत्सवाच्या गर्दीत त्यांचा पुढारी डोक्यावर टोपी चढवील, ती खूण. पण बातमी फुटली. ऐन उत्सवात दवंडीवाल्याने पुकारलं, अमक्याने टोपी घालू नये. एवढ्यावर उठाव मोडला. मग या नको असलेल्या मुलांना देवाचा कौल देऊन इटलीकडे रवाना करण्यात आलं.

ही गोष्ट सांगून झाली की वर्ग अगदी शांत व्हायचा आणि तिथेच माझं खरं काम सुरू व्हायचं. मी सांगायची, हे सगळं घडून गेल्यावर शतकांनी लिहिलेलं आहे. दुसरा एक जण वेगळंच सांगतो. तो म्हणतो, ज्यांचे बाप युद्धावर गेलेच नाहीत आणि म्हणून दास ठरले, त्यांची ही मुलं. म्हणजे दोघांचं फक्त एका गोष्टीवर एकमत आहे, की यांच्या जन्मात खोट काढली गेली. कोण सांगतोय, कधी सांगतोय आणि तसं सांगण्यात त्याची सोय काय, हे पाहायचं. माझा धंदा एवढाच. त्यात टाळ्या मिळत नाहीत.

गिऱ्हाइकंही विचित्र येत. हुबळीच्या दाजीबानपेठेतले एक कापडाचे व्यापारी एकदा विभागात आले. तारासचा जांभळा रंग प्राचीन काळी प्रसिद्ध होता हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. दुकानात जांभळ्या साड्यांचा नवा माल लागला होता आणि त्यांना पाटीवर लिहायला दोन ओळी हव्या होत्या.

"राजे लोक वापरायचे म्हणे, बाई. एवढंच लिहून द्या. खाली तुमची सही."

"राजे वापरायचे ते खरं. पण रंग समुद्रातल्या गोगलगायींपासून काढत. त्या ढीगभर फोडायच्या आणि सडवायच्या. वास असा यायचा की नाक धरून जावं लागे."

ते खुर्चीत मागे सरकले. घरात कांदासुद्धा न शिजवणारा माणूस. "गोगलगाय वगळून लिहिता येईल का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांनी चहा अर्धा ठेवला. पुढे पाटीवर त्यांनी काय लिहिलं ते मी पाहायला गेले नाही. पण गोगलगाय वगळून लिहून द्या, ही मागणी नंतर मला इतक्या मोठ्या माणसांकडून आली की त्या व्यापाऱ्याबद्दल मला आदर वाटायला लागला. त्याने निदान स्पष्ट विचारलं होतं.

प्रज्ञा माझ्याकडे एम.ए.ला आली तेव्हा मी पदव्युत्तर विभागात होते. तारासची गोष्ट ऐकून झाल्यावर मुलं सहसा पुढाऱ्याचं काय झालं ते विचारत. हिने विचारलं, "ते उतरले तिथे आधी कोण राहत होतं?"

मी नाव सांगितलं. इयापिजियन, त्यांच्यातलेच एक मेसापियन.

"त्यांना कौल कुणी दिला नव्हता?"

"त्यांना विचारलं नव्हतं."

तिने मान हलवली आणि लिहून घेतलं. तिचं घर जुन्या हुबळीत, गल्लीच्या टोकाला. आजोबा निपाणीकडून मजुरीला आलेले. वडील, म्हणजे अप्पा, पाणीपुरवठ्यात व्हॉल्वमन होते. म्हणजे कोणत्या गल्लीला कधी पाणी सुटायचं ते लोखंडी चाक फिरवून सोडणारे. ज्या गावात पाणी आठवड्याने येतं, तिथे या माणसाला रस्त्यात सगळे नमस्कार करतात आणि लग्नाला बोलवायला विसरतात. घरात मराठी, दारात कन्नड, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. एम.ए. झाल्यावर प्रज्ञाने सांगितलं, मला तुमच्याकडेच पीएच.डी. करायची आहे आणि तारासवरच करायची आहे. डिग्री कॉलेजात तिला तात्पुरती नेमणूक मिळाली होती. तिथे कायम व्हायचं तर ती पदवी लागणार होती.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्या विभागात संशोधनाचा विषय विद्यार्थी निवडत नसे. त्याचं गाव निवडत असे. मुलगा आला की विभागप्रमुख विचारणार, गाव कोणतं. गावात जुनं देऊळ असेल तर तो मुलगा पुढची काही वर्षं त्या देवळाचा. शिलालेख असेल तर शिलालेखाचा. गावात काहीच नसेल तर आडनावावरून त्याच्या समाजाचा इतिहास. मी स्वतः ग्रीक व्यापारावर काम करायचं म्हणून गेले होते. मराठी आडनाव ऐकून माझ्या मार्गदर्शकांनी मला वतनदार घराणी दिली. मी ती निमूटपणे केली. त्यातलं एक घराणं आमच्या नात्यातलं निघालं, ते नातेवाईक अजून माझ्याशी बोलत नाहीत.

प्रज्ञाला समितीपुढे उभं केलं तेव्हा आमचे विभागप्रमुख कुलकर्णी सर होते. माणूस मनाने वाईट नाही. विद्यार्थ्यांच्या आजारपणात दवाखान्यात बसून राहिलेला मी पाहिला आहे.

"एनव्वा, ऊरु याव्दु?" सरांनी मायेने विचारलं. पोरी, गाव कोणतं?

"जुनी हुबळी, सर."

"मूळचं?"

"आजोबा निपाणीकडचे."

"आणि कम्युनिटी?" हे त्यांनी इंग्रजीत विचारलं. नाजूक गोष्टी आमच्याकडे इंग्रजीत विचारतात.

तिने सांगितलं. सरांचा चेहरा उजळला. "मग सोपंच आहे की. तुमच्या लोकांचं इकडे येणं, वस्त्या, शिक्षण. कुणी हात लावलेला नाही. साधनं घरात आहेत."

"कुणीतरी करायलाच हवं, सर. मला तारास करायचं आहे."

"पण तारासचा आणि तुझा संबंध काय?"

"काही नाही, सर. म्हणूनच."

समितीत एक जण हसला. मी म्हटलं, "सर, देवळं करणाऱ्या मुलांना आपण देवाशी संबंध विचारत नाही." त्यावर कुणी हसलं नाही. मार्गदर्शकाला मत असतं, पण ते मोजण्याची पद्धत नाही.

शेवटी तोड निघाली. तशी ती नेहमीच निघते आणि तिचं नाव 'विशेष संदर्भ'. आमच्याकडच्या प्रबंधांच्या शीर्षकांना हे शेपूट असतं. भारतातील शेती, धारवाड जिल्ह्याच्या विशेष संदर्भासह. जगातील लोकशाही, आमच्या तालुक्याच्या विशेष संदर्भासह. प्रज्ञाचं शीर्षक समितीने तिथल्या तिथे तयार केलं: 'तारास: बहिष्कृतांची ग्रीक वसाहत, उत्तर कर्नाटकातील वंचित समाजाच्या विशेष संदर्भासह'. तिकडचे हाकललेले, इकडचे हाकललेले, शेवटच्या प्रकरणात तुलना. सर खूश झाले. त्यांना खरंच वाटलं की आपण तिला तिचा विषयही दिला आणि तिचे लोकही दिले.

बाहेर व्हरांड्यात ती म्हणाली, "मॅडम, हे शेपूट मी मागितलं नव्हतं."

"लावू दे. शेवटी चार पानं लिही आणि मोकळी हो. माझ्या प्रबंधाचं तर डोकंच दुसऱ्याचं होतं."

तिने कष्ट घेतले. धारवाडातल्या एका वृद्ध पाद्रीबाबांकडे जाऊन ती ग्रीक शिकली. ते तिला धर्मग्रंथ वाचायला देत आणि ही त्यातून व्याकरण तेवढं उचलून आणत असे. तारासच्या उत्खननाचे अहवाल तिने परदेशी लोकांना विनवण्या करून मिळवले. वसाहतवाले पहिल्यांदा जिथे उतरले असं मानतात, तिथे स्थानिकांची वस्ती होती. खणताना त्या वस्तीची भांडी जिथे संपतात, तिथूनच वर ग्रीक भांडी सुरू होतात. खापरांना बाजू घेता येत नाही, त्यामुळे मला ती आवडतात.

आणि मग तिला त्या बायका भेटल्या. तारास श्रीमंत झालं, नाण्यांवर डॉल्फिनवर बसलेला तरुण आला, आणि शेजारच्या मेसापियनांशी लढाया सुरू झाल्या. एका विजयानंतर तारासकरांनी लुटीचा दहावा भाग काढून डेल्फीच्या देवाला अर्पण केला. घोड्यांचे आणि बंदिवान बायकांचे कांस्याचे पुतळे. पुढे कित्येक शतकांनी एका प्रवाशाने ते पाहून लिहून ठेवले. पुतळे केव्हाच गेले, कुणीतरी वितळवले असणार. खालचे दगड सापडले आहेत. त्यांवर लिहिलं आहे की मेसापियनांना जिंकून तारासकरांनी हे देवाला दिलं. मूर्तिकाराचंही नाव आपल्याला ठाऊक आहे. बायकांचं नाही.

"जन्मावरून हाकललेली माणसं आहेत ही, मॅडम," प्रज्ञा म्हणाली. "त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी हे केलं."

"गोष्ट तिथपर्यंत न्यायची सक्ती तुझ्यावर नाही. तुझं शीर्षक बहिष्कृतांवर आहे."

"पण शहर तिथपर्यंत गेलंय."

इकडे अप्पांना मात्र गोष्टीचा पूर्वार्ध भयंकर आवडला होता. ज्यांना जन्मावरून गावाबाहेर काढलं, त्यांनी समुद्राकाठी काढणाऱ्यांपेक्षा श्रीमंत शहर वसवलं. ही गोष्ट ते चहाच्या गाड्यावर कन्नडमध्ये सांगत आणि घरी मराठीत. जुन्या हुबळीतल्या विहाराच्या सभागृहात त्यांनी लेकीचं भाषणही ठरवलं. मी गेले होते. प्रज्ञा डॉल्फिनच्या नाण्यापर्यंत आली तेव्हा टाळ्या झाल्या. अप्पा मागे वळून लोकांचे चेहरे पाहत होते. मग ती पुढे बोलत राहिली, मेसापियनांवर आली, पुतळ्यांवर आली. सभागृहात खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले. आभार मानणाऱ्याने त्या भागाचा उल्लेख टाळून सुरेख आभार मानले.

बाहेर चपला घालताना अप्पा म्हणाले, "नाण्यापाशी थांबायचं होतंस की."

"गोष्ट तिथं थांबत नाही, अप्पा."

"अगं, लोकांना घरी न्यायला काहीतरी लागतंय."

"मग पेढे वाटायचे होते."

"चेष्टा करू नको. एवढी माणसं कामं टाकून आली. आम्हाला पण कधीतरी जिंकलेली गोष्ट ऐकू द्या की. खरं का न्हवं, बाई?"

मी चपलेचा पट्टा लावत राहिले. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की कुलकर्णी सर आणि अप्पा, ज्यांचं जगातल्या कुठल्याही गोष्टीवर एकमत होणं शक्य नव्हतं, त्यांना प्रज्ञाकडून एकच प्रकरण लिहून हवं होतं. गोगलगाय वगळून.

तिने शेवटचं प्रकरण लिहिलं. ते फारच लहान होतं आणि त्यात तुलना नव्हती. ती का केली नाही ते होतं. मी वाचलं आणि मार्गदर्शक म्हणून सही केली. सही करताना माझा हात थबकला, हेही सांगते, कारण पुढे काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं.

शेवटची तोंडी परीक्षा आमच्याकडे सगळ्यांसमोर होते. बाहेरगावचे परीक्षक सौम्य होते. पहिल्या प्रकरणांचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. मग चष्मा काढून म्हणाले, "पण शीर्षकात जे कबूल केलंय ते शेवटी दिलेलं नाही."

"शीर्षक मी दिलेलं नाही, सर."

"ते नोंदलं गेलं आहे."

कुलकर्णी सर समजुतीच्या आवाजात म्हणाले, "अगं, तुझ्या लोकांबद्दल चांगलंच लिहायला सांगतोय ना आम्ही? यात अपमान कुठे आहे?"

"अपमान नाही, सर. पुरावा नाही."

निकाल असा लागला: शेवटचं प्रकरण शीर्षकाप्रमाणे पुन्हा लिहून, ठरलेल्या मुदतीत द्यावं. नाहीतर पदवी नाही. मुदत पुरेशी होती. मीसुद्धा एका आठवड्यात लिहून देऊ शकले असते.

त्यानंतर एका रविवारी सकाळी अप्पा आणि प्रज्ञा धारवाडला माझ्या घरी आले. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बसताना खुर्चीच्या कडेला टेकले. प्रज्ञा खिडकीपाशी बसली. दोघं बसमध्ये भांडून आले होते हे दिसत होतं.

"बाई, हिला तुम्ही सांगा," अप्पांनी सुरुवात केली. "माझं ऐकत नाही. चार पानं लिहून दिली तर काय झिजतंय हिचं? आणि वाईट लिहायला सांगत नाहीत हो. आपल्या माणसांचं चांगलं लिहा म्हणतायत. असं आजवर कुणी म्हटलंय का आपल्याला?"

"तेच तर," प्रज्ञा म्हणाली.

"तू गप्प बस. बाई, हिची नोकरी कायम व्हायची आहे. मी किती दिवस पुरणार?"

मी म्हटलं, "अप्पा, तिने काय लिहिलंय ते तुम्ही वाचलं का?"

"इंग्रजीत हाय ते."

मी कपाटातून प्रबंध काढला आणि शेवटचं प्रकरण मराठीत सांगत वाचायला लागले. तिने लिहिलं होतं की या घटनेत माणसं तीन जागी उभी आहेत. हाकलणारे, हाकललेले, आणि ज्यांच्या जमिनीवर ते जाऊन उतरले ते. शीर्षकाने माझ्या समाजाला आधीच दुसऱ्या जागी उभं करून ठेवलं आहे. ती जागा बरोबर असेल किंवा नसेल, पण ती पुराव्यावरून ठरलेली नाही, आमच्या नावावरून ठरलेली आहे. आणि तुलना करायचीच तर ती फक्त शहर वसवणाऱ्यांशी का? त्या दगडावर उभ्या केलेल्या बायकांशी का नाही? त्यांनी स्वतःच्या पराभवाबद्दल सांगितलेलं काही आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. जिंकणाऱ्यांनी त्या कशा दिसाव्यात ते ठरवलं आणि तेवढंच उरलं. आमच्या वतीने दुसऱ्याने घडवलेल्या आकृतीत मी माझ्या लोकांना बसवणार नाही. म्हणून हे प्रकरण इथे थांबतं.

मी पान मिटलं. अप्पा जमिनीकडे पाहत होते. "त्या दगडावर काय लिहिलंय म्हणालात?"

"कुणी जिंकलं ते. कुणाला जिंकलं ते."

"आणि बायका नुसत्या उभ्या."

"हो."

अप्पांनी शर्टाची बाही सरळ केली. मग प्रज्ञाकडे न बघता म्हणाले, "टाकीच्या उद्घाटनाला मंत्री आले होते, तुला आठवणार नाही, तू लहान होतीस. चाक जड होतं. साहेब म्हणाले, तू फिरव, मंत्रिसाहेब हात लावतील. मी फिरवलं. त्यांनी वरून हात लावला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. चाकावर माझा हात दिसतोय, कोपरापर्यंत. बाकीचा मी कापलेला. खाली लिहिलेलं, मंत्रिमहोदय पाणी सोडताना." ते हसले. "तुझी आई तो फोटो सगळ्यांना दाखवायची. हा ह्यांचा हात, म्हणायची. लोक म्हणायचे, कशावरून?"

"अप्पा, हे तुम्ही कधी सांगितलं नाही," प्रज्ञा म्हणाली.

"त्यात सांगण्यासारखं काय हाय? हात तर हाय."

मी चहा ठेवायला आत गेले. खरं म्हणजे मला तिथे बसवेना. परत आले तेव्हा दोघं तसेच बसले होते, पण अप्पा आता खुर्चीत मागे टेकले होते.

"हे बदललं नाही तर पदवी नाही, असंच ना?" त्यांनी लेकीला विचारलं.

"असंच."

"नंतर पण नाही?"

"पुन्हा पहिल्यापासून नाव नोंदवायचं, दुसरा विषय घ्यायचा. तेव्हाही गाव विचारतीलच."

"आणि नोकरी?"

"आहे तशी चालेल, चालेल तोवर. नाहीतर पीयू कॉलेज, अकरावी-बारावीचं. तिथे पीएच.डी. लागत नाही."

अप्पांनी चहा संपवला. कप खाली ठेवून ते म्हणाले, "मला अजून वाटतंय की नाण्यापाशी थांबली असतीस तर बरं झालं असतं." मग म्हणाले, "पण थांबली नाहीस. मग आता कुणी सांगितलं म्हणून मागं येऊ नको."

मी तिला चार पानं लिही म्हणाले होते, ते मला त्या दिवशी पुन्हा म्हणवलं नाही. मुदत संपली. विभागातून एक स्मरणपत्र आलं, मग तेही यायचं थांबलं. कुलकर्णी सर मला एकदा बाजारात भेटले तेव्हा खरोखर हळहळले. "हुशार मुलगी. हट्टापायी वाया गेली," ते म्हणाले. त्यांना वाटणारं वाईट खरं होतं आणि ते काय मागत होते ते त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही, हेही खरं. माझ्या निवृत्तीनंतर प्राचीन ग्रीसचा पेपर अभ्यासक्रमातून गेला. प्रज्ञाची डिग्री कॉलेजातली जागा पुढच्या वर्षी दुसऱ्याला मिळाली. ती आता एका पीयू कॉलेजात शिकवते. सकाळी पहिला तास, संध्याकाळी शिकवण्या. तिच्यात पुढे जाण्याची जी ताकद होती ती या कामात पुरती लागत नाही. हे मला सलतं आणि त्याला तात्त्विक मुलामा देऊन मी ते कमी करणार नाही. तारास कितीही खरं असलं तरी ते तिचं घरभाडं भरत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या चुलतभावाचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नात माईकवरून पाहुण्यांची नावं पुकारतात. नगरसेवक आले, त्यांचं स्वागत. बँकेचे मॅनेजर आले, त्यांचं स्वागत. पुकारणाऱ्याला आवाज होता आणि हौसही होती. कुणालाही तो एक पायरी वर चढवूनच बोलवत होता, हेडमास्तरांना प्राचार्य केलं, कंपाउंडरला डॉक्टर. प्रज्ञा माझ्या शेजारी बसली होती. तो म्हणाला, "आपल्या समाजाची शान, डॉक्टर प्रज्ञाताई, यांचं मंडळ हार्दिक स्वागत करतं."

तिने मान खाली घातली. अशा वेळी दुरुस्ती करणं म्हणजे लग्नघरात भांडण काढणं, म्हणून लोक गप्प राहतात. पण अप्पा पंगतीची व्यवस्था बघत होते ते तसेच, खांद्यावर पंचा, माईकपाशी गेले. पुकारणाऱ्याच्या कानाशी बोलायला वाकले आणि माईक चालूच होता.

"डॉक्टर म्हणू नको रे," सगळ्या मांडवाने ऐकलं. "मिळत होतं तिला. तिनं घेतलं नाही."

पुकारणारा गोंधळला. असं स्वागत त्याने कधी केलेलं नव्हतं. त्याने अप्पांकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं, आणि मग मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून, त्याने ते जसंच्या तसं पुकारलं.